सहाच्या ठोक्याची बखर

श्रीकालपुरुषास दंडवत. सूर्य एक, परंतु घड्याळें मुलखोमुलखीं निराळीं, हें ध्यानीं धरून लिहिणाऱ्यानें लिहावें आणि वाचणाऱ्यानें सांभाळून घ्यावें. शके १९४५, शोभन नाम संवत्सरीं दूरभेट राज्यांत वर्तमान घडलें तें ऐसें जे, या राज्याचा उद्योग एकच, ताटातूट झालेल्या माणसांची पडद्यावर गांठ घालून देणें, आणि भेटीची वेळ डेटाबेसांत, म्हणजे राज्याच्या दफ्तरांत, लिहून ठेवणें. दफ्तरदार गंगोबापंत मोठे हुशार, पण जन्मांत गांवाबाहेर न गेलेले, म्हणून "सकाळीं सहा" इतकेंच लिहीत. कोणाचे सहा, हें पुसण्याचें त्यांच्या मनींही आलें नाहीं.

ते समयीं भिवराबाई नामें एक माउली होती, तिची लेक सगुणा समुद्रापार अमेरिकेंत नांदत होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलें बाळंतपण, आई जवळ नाहीं, म्हणून त्याआधीं एकदां मुख पाहावें एवढीच दोघींची आस. मग बाई नवें लुगडें नेसून सहाला पडद्यापुढें बसल्या, आणि सगुणाही आपल्या मुलखींच्या सहाला बसली, आणि दोघींना कोरा पडदाच दिसला. बाई कष्टी होऊन दफ्तरांत आल्या आणि म्हणाल्या, "पंत, लेक रुसली असंल का माझ्यावर? डोहाळजेवणाला जाता आलं न्हाई मला."

हें ऐकून पंतांचें अंतःकरण द्रवलें. मग त्यांनीं दफ्तर उलथून अवघ्या वेळा इकडील एका मध्यवर्ती घड्याळावर आणिल्या, आणि सगुणेच्या नांवापुढें "साडेदहा तास मागें" ऐसा कायमचा शेरा मारिला, आणि स्वतःवर खूष होऊन दोन विडे खाल्ले. परंतु तिकडील लोक वसंताच्या तोंडावर घड्याळें तासभर पुढें करितात, हें पंतांस ठाऊक नव्हतें. मग फाल्गुनांत दुसरी भेट ठरली, तेव्हां सगुणा त्या शेऱ्यावरून कळविलेल्या वेळीं, म्हणजे तासभर आधींच, येऊन बसली, आणि वाट पाहतां पाहतां कळा सुरू होऊन तीस इस्पितळांत नेलें. मागाहून बाई सहाला आल्या, तों पुन्हा कोरा पडदा; सगुणेच्या यजमानांचा निरोप आला तेव्हां घोळ उमगला.

"लिहिणारा मी, चूक माझी," ऐसें बोलून पंत हात जोडून उभे राहिले.

बाई म्हणाल्या, "हात कसले जोडता? मला लेक दावा."

मग पंतांनीं शेरा खोडिला, आणि प्रत्येकापुढें त्याच्या गांवाचें नांव लिहिलें, आणि तेथील घड्याळ त्या दिवशीं काय म्हणतें तें पाहूनच वेळ सांगावी ऐसा दंडक घातला, आणि सगुणेच्या यजमानांस निरोप धाडून दुसऱ्या दिवशींची भेट ठरविली. गुरुवारीं सहाचा ठोका पडला आणि पडदा उजळला, तों सगुणा निजलेली आणि कुशीस लालबुंद तान्हें.

"आई, तू आली नाहीस," सगुणा म्हणाली.

"आले व्हते गं. दोन्ही डाव आले व्हते."

मग मायलेकी रडल्या आणि पंतही रडले, तें लिहिण्यास लाज कसली.

डोळे पुसून पंतांनीं विचारिलें, "बाई, बाळ जन्मलें तेव्हां तिकडे बुधवार, इकडे गुरुवार लागलेला. दफ्तरांत कोणता दिवस धरूं?"

"जिथं जन्मला तिथला. पोराचा दिवस आपल्यासाठी हलवायचा न्हाई. मी घेईन जुळवून."

तेव्हांपासून जन्मतारखेस कोणतेंही घड्याळ लावूं नये ऐसा हुकूम जाहला. सारांश, दफ्तर शुद्ध झालें आणि राज्य सुखी आहे. नातवाच्या वाढदिवशीं इकडील दिवस सरला तरी भिवराबाई निरांजन विझूं देत नाहींत; तिकडे अजून थोडा उरलेला असतो.