धुऱ्यावरचा रणगाडा

जमिनीवर रेषा आखल्या की माणसं सुखानं नांदतात, हे सर्वमान्य सत्य आहे. लोहाऱ्याच्या टेबल-युद्ध मंडळानं ते मान्य करायला थोडा उशीर केला, एवढंच.

मंडळाचे सभासद चार. एसटीतून निवृत्त झालेले भगवानराव, कृषी केंद्रवाले बबनराव, त्यांचे शेतशेजारी भीमसिंग आणि राजदीप. तरुण राजदीप पुण्याची नोकरी घरून करायला गावी आला, तेव्हा हा खेळ सोबत घेऊन आला. (नोकरी गेली, खेळ राहिला.) दर रविवारी बबनरावांच्या खताच्या गोदामात टेबलावर रबरी चटई अंथरली जाई. तिच्यावर नदी, टेकड्या आणि एक जळकं गाव छापलेलं. त्यावर बोटाएवढे रणगाडे. एका चालीत रणगाडा सहा इंच सरके, आणि ते इंच शिंप्याच्या टेपनं मोजले जात. बबनराव नळीपासून मोजत, भीमसिंग बुडापासून. त्यामुळे दुपारी एकला पेटलेलं युद्ध दिवेलागणीपर्यंत चाले. (ऐंशी टक्के वाद, पंधरा टक्के चहा, उरलेलं युद्ध.)

भगवानरावांना हे प्रमाण योग्य वाटे. पत्नी इंदूबाई गेल्यापासून घरी त्यांच्याशी फक्त कुकर बोलत होता, आणि तोही तीन शिट्ट्या देऊन गप्प बसे.

मग राजदीपनं सुधारणा आणली. चौकोन छापलेलं पारदर्शक प्लास्टिक. चटईवर अंथरलं की खालची नदी जशीच्या तशी दिसते, वर इंचाइंचाचे चौकोन. सहा इंच म्हणजे सहा चौकोन. टेप नको, वाद नको. सुधारणेत खोट काढायला जागा नव्हती. पहिलं युद्ध पाऊण तासात संपलं. जिंकलेले घरी गेले, हरलेलेही गेले. भगवानराव दोन वाजताच घरी पोचले. त्यांनी कुलूप उघडलं, आणि नीट लागतं का ते बघायला पुन्हा लावलं.

असे काही रविवार गेले. मग एका रविवारी भगवानरावांनी आपला रणगाडा फार काळजीनं बरोबर रेषेवर ठेवला. अर्धा या चौकोनात, अर्धा त्या.

"हे काय?" भीमसिंगनं विचारलं.

"धुऱ्यावर हाये," भगवानराव म्हणाले.

दोन शेतांमधल्या धुऱ्याचं नाव निघाल्यावर आमच्याकडे कोणी बसून राहत नाही. खुर्च्या मागे सरकल्या.

"धुरा अर्धा माया हाये!" भीमसिंग ओरडले.

"तुया कसा? मायी पलटण तिथं पहिल्यापासून हाये. वहिवाट हाये मायी!" बबनराव.

"काका, हे युद्ध आहे," राजदीप म्हणाला. "शेत नाही."

"मंग युद्ध कायच्यासाठी होते, बाबू?" भीमसिंगनं शांतपणे विचारलं.

राजदीप खेळाच्या नियमांची पुस्तिका चाळू लागला. (पुण्यात हे शिकवत नसावेत.)

त्या दिवसापासून मंडळाची प्रगती थक्क करणारी आहे. तीन चाली एका चौकोनात बसलेल्याची वहिवाट कायम झाली. दुसऱ्याच्या चौकोनातून तोफ न्यायची तर पांदण मागावी लागते, आणि जायला वाट कोणी देत नाही. बबनरावांनी नदीकाठच्या चौकोनांत तूर पेरल्याचं जाहीर केलं. तिच्यातून पायदळ गेल्यास भरपाई. दोन महिन्यांत एकही गोळी सुटलेली नाही. एवढी शांतता मोठमोठ्या परिषदांना साधलेली नाही. बैठक दिवेलागणीच्याही पुढे जाते.

परवा गोदामाला कुलूप लावताना बबनराव हळूच म्हणाले, "भगवान, तो रणगाडा तू मुद्दामच ठेवलता ना धुऱ्यावर?"

भगवानरावांनी लावलेलं कुलूप पुन्हा ओढून पाहिलं. आता वाद मिटणार, आणि रविवारी पुन्हा दोन वाजता घर.

"हो," ते म्हणाले.

"मले तवाच समजलं."

"मंग बोलला काहून नाही?"

"बोललो असतो तं मिटलं नसतं का, लेका!" बबनरावांनी किल्ली खिशात टाकली. "पुढच्या रविवारी विहिरीचा हिस्सा काढू."

(चटईवर विहीर नाही. तीही खणली जाईल.)

मंडळात पाचव्या सभासदाची जागा रिकामी आहे. घरात बोलायला माणूस असताना असलं काही वाचत गप्प बसलेल्यांनी मात्र अर्ज करू नये. त्यांनी मान वर करावी आणि समोर जे कोणी असेल त्याच्याशी ताबडतोब भांडण उकरावं. विषय सुचत नसेल, तर जेवणाचं टेबल कोणाच्या बाजूला किती आहे, इथून सुरुवात करता येते.