खिडक्यांचा बंदोबस्त

घरगाडीच्या खिडक्या आपण स्वतःच नव्याने सील करायच्या असं बंदोबस्तरावांनी ठरवलं, तेव्हाच कुणीतरी त्यांचे हात धरायला हवे होते. पण हात धरणारी एकटी बायको, आणि तिचे हात ओली गादी उन्हात घालण्यात गुंतलेले.

बंदोबस्तराव हे नाव गल्लीने ठेवलेलं. माणूस तसा वाईट नाही. (वाईट माणसाला निदान आपण वाईट आहोत एवढं तरी ठाऊक असतं.) उभा जन्म कारखान्याच्या गोदामात गेला. तिथे उंदीर फार. भोक दिसलं की बुजव, फट दिसली की लिंप, हीच नोकरी आणि हीच अक्कल. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी घरगाडी घेतली. आत दोन बिछाने, वीतभर ओटा, आणि चहूबाजूंनी खिडक्या. "आता जग बघायचं," म्हणाले. जगाने बरीच वाट पाहिली. गाडी काही फाटकाबाहेर पडेना. आधी टायर, मग पडदे, मग ह्यांची कंबर.

खिडक्या पहिल्यापासून गळत होत्या. पण त्या गळत बायकोच्या बिछान्यावर, म्हणून त्याला गळणं म्हणायचं नाही, दमटपणा म्हणायचं. मग एके दिवशी गाडीत पेपर वाचत बसले असताना एक थेंब थेट त्यांच्या टकलावर पडला.

"अगं, गाडी गळते!" असे ओरडले, की जणू हा शोध आजच लागला.

"हो का?" बायको म्हणाली. "मला वाटलं मलाच घाम येतो."

आता खरी अडचण निराळीच होती. बायकोची थोरली बहीण रविवारी परदेशात मुलाकडे चालली होती. कायमची. आईबाप कधीच गेलेले. माहेर म्हणून उरली होती ती एवढी ताई; ओल्या गादीची रड फोनवर ऐकायची तीच.

"आपण शुक्रवारी बसने जाऊ," बायको म्हणाली.

"दारात गाडी असताना बस? तुझ्या बहिणीच्या दारात मी काय पिशव्या घेऊन उतरू?"

"अहो, मला ताईला भेटायचंय. तिला तुमची गाडी दाखवायची नाहीये."

"दोन्ही होईल. खिडक्यांचा बंदोबस्त करतो मी."

झालं! स्वयंपाकघरातली एकुलती एक धारेची सुरी गेली जुनं, वाळलेलं सील खरवडायला. सिलिकॉनची नळी ती दाबायच्या पिस्तुलात बसली आणि बंदोबस्तराव रणांगणात उतरले. थोडं सिलिकॉन खिडकीला लागलं. बाकीचं मिशीला, चष्म्याला आणि दोरीवर वाळणाऱ्या बायकोच्या साडीला. (साडीचं सील आजतागायत निघालेलं नाही. काम पक्कं, हे मान्य केलं पाहिजे.)

मग त्यांना दिसलं, की प्रत्येक खिडकीच्या चौकटीला, बाहेरून, अगदी तळाशी, नखाएवढी भोकं आहेत.

"हे बघ! कंपनीवाले झोपा काढतात नुसते!"

"अहो, सगळ्या खिडक्यांना सारखीच आहेत. मुद्दाम ठेवली असतील."

"उंदीरही असंच म्हणतो," बंदोबस्तराव म्हणाले, आणि एकेक भोक अंगठ्याने दाबून बुजवलं.

गल्लीला गोळा करून तांब्याभर पाणी काचेवर ओतलं. आत टिपूसही आला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. (आमचं काय जातंय? आम्हाला कुठे त्यात झोपायचं होतं?)

शुक्रवारी सकाळी निघाले. अर्ध्या वाटेत पाऊस लागला, तसे बंदोबस्तराव फुलले.

"बघ, कोरडी ठणठणीत! कुणी केलं?"

बायको मागे वळून बघत होती. "अहो, खिडकीच्या चौकटीत पाणी साठलंय."

"बाहेरचं दिसतंय तुला."

"हलतंय ते."

"गाडी हलतेय म्हणून."

"आता मासे तेवढे सोडायचे राहिलेत," बायको म्हणाली, आणि तेवढ्यात वळण आलं. साऱ्या चौकटींनी साठवलेलं पाणी एकदम आत सोडलं. गादी भिजली, बॅग भिजली, आणि ताईला परदेशात थंडी वाजेल म्हणून वर्षभर खपून विणलेली शाल पिळून काढावी लागेल इतकी भिजली. बायकोने शाल तेवढी उचलून घेतली.

पुढच्या बसथांब्याशी गाडी थांबवून बंदोबस्तराव खाली उतरले, आणि खिडकीखाली वाकून डोळे बारीक करून बघू लागले. बायको शेजारी आली. केसातला आकडा काढून तिने एका बुजवलेल्या भोकात खुपसला आणि फिरवला. पाण्याची चिळकांडी सरळ बंदोबस्तरावांच्या तोंडावर!

"कळलं भोकं कशाला होती? आत शिरलेलं पाणी बाहेर जायला."

"मला माहीत होतं. मी फक्त…"

"फक्त काय?"

बंदोबस्तरावांनी चष्मा पुसला. "संध्याकाळपर्यंत सगळी मोकळी करतो," ते म्हणाले. "गादी वाळू दे. उद्या सकाळी निघू."

"उद्या टायर निघतील. मग तुमची कंबर. आणि रविवारी ताई." तिने शाल पिळून पिशवीत घातली. समोरून बस येत होती.

"अगं, स्वतःची गाडी असताना बसने? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. तुमच्याकडे सिलिकॉन उरलंय ना, त्यांची तोंडंही बुजवा."

बस तिला घेऊन गेली. मागच्या काचेतून ती वळून बघेल म्हणून बंदोबस्तराव हात वर करून उभे राहिले. तिने बघितलं नाही. हात मात्र बराच वेळ वर होता; दुसरी बस त्यांच्यासाठी थांबली आणि कंडक्टर शिव्या देऊन गेला.

संध्याकाळी त्यांनी ताईच्या घरी फोन लावला.

"पोचलीस?"

"पोचले."

पलीकडे दोघी बहिणींचं हसणं चाललं होतं. असं हसताना बायकोला त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. जरा घसा खाकरून त्यांनी विचारलं, "ताईंनी माझी चौकशी केली असेल ना?"

"केली ना. दारातच विचारलं," बायको म्हणाली, "'तो बरोबर नाही वाटतं? इतकी कोरडी कशी आलीस?'"