सुगंधाबाईंचं डिप

एका जंगलात, मुलांनो, पार्ट्या फार होत असत. खाडीकाठच्या त्या जंगलात सुगंधाबाई नावाचं एक पाणमांजर राहत असे. नाव सुगंधा आणि अंगाला सदा मासळीचा वास. पण हाताला चव अशी की तिचं कोळंबीचं कालवण खाऊन मगरसुद्धा खरे अश्रू ढाळत असे.

एकदा कोल्हीणबाईंनी नव्या बिळाची पार्टी ठरवली. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा होता.

"यंदा कालवण नाही," सुगंधा नवऱ्याला म्हणाली. "साळुंकी सांगत होती, मोठ्या जंगलांत आता डिप करतात. पांढरंशुभ्र, मऊ. त्यात काकडी बुडवून खायची."

"कोळंबी जन्मभर बुडालेलीच होती की," नवरा म्हणाला. "आता तिच्यात काकडी बुडवायची?"

"तुम्हाला नाही कळायचं!"

खरं तर तिलाही कळत नव्हतं. पण तिने कोळंबी सोलली, धागा काढला, उकडून बारीक चिरली. म्हशीकडून साय आणि चक्का आणला. लसूण, मिरी, लिंबू घालून सगळं घोटलं. चाखून पाहिलं. हात आपोआप मिरचीकडे गेला. तिने तो दुसऱ्या हाताने मागे ओढला. डिप लाल झालं तर मोठी जंगलं काय म्हणतील?

पार्टीत सगळे भांड्याभोवती जमले.

"वा!" अस्वल म्हणालं. "किती... पांढरं आहे!"

"चव अगदी सूक्ष्म," कोल्हीणबाई म्हणाल्या. त्यांना ती सापडलीच नव्हती.

सुगंधा फुलून गेली. "अहो, आमच्याकडे हे नेहमीचंच," असंही म्हणून बसली. मग ती पाणी प्यायला मागे गेली, तर केळीखाली बगळा चोचीने माती उकरून आपल्या वाटणीचं डिप पुरत होता.

ती तशीच मागे फिरली. तेवढ्यात मुंगूसआत्या सगळ्यांसमोर ओरडली. आत्याचे दात गेले होते, जीभ शाबूत होती.

"अगं सुगंधे, तुझं कालवण थिजलंय गं! आणि तिखट घालायला विसरलीस!"

सुगंधाला वाटलं, खाडीत उडी मारावी आणि वर येऊच नये. पण पाणमांजराला बुडणंही जमत नाही. मग तिला स्वतःचंच हसू फुटलं.

"कालवण नाही हो आत्या, मीच थिजले होते," ती म्हणाली. तिने भांडं चुलीवर चढवलं. मिरची, हळद, खोबऱ्याचं वाटण, वर लसणाची फोडणी. साय जराशी फाटली, पण भुकेलेल्यांना फाटकंतुटकं चालतं. बगळ्यासकट सगळ्यांनी पानं चाटून पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कोल्हीणबाई दारात हजर.

"काल शेवटी केलंस ते 'गरम डिप' शिकवशील का गं? आमच्यात कुणालाच येत नाही."

'अहो, ते कालवण!' असं म्हणायला सुगंधाने तोंड उघडलं. मग मिटलं. मग पुन्हा उघडलं.

"शिकवीन की," ती म्हणाली. "पण फार अवघड असतं हं."

दुपारी नवऱ्याने विचारलं, "आज जेवायला काय?"

"गरम डिप," सुगंधा म्हणाली. आणि मान वळवून, त्याला दिसणार नाही अशी, पोट धरून हसली.

तात्पर्य : आपल्याला जे येतं तेच करावं, फक्त त्याला आपलं नेहमीचं नाव देऊ नये.