खाटेवरच्या खोकल्याचं प्रकरण

माझं नाव ऐकताच जिल्ह्यातले गुन्हेगार थरथरतात, असं मी अनेकांना सांगितलेलं आहे. मी गुप्तहेर केवळराम, मुक्काम कामठा. पोलीस मला कधीच बोलावत नाहीत. मत्सर, दुसरं काय!

परवा शेजारचा दुधराम रडत आला. "भाऊ, माही बायको जमुना खोकल्याची दवाई आणाले गोंदियाच्या दवाखान्यात गेली. दोन दिस झाले, आतालोक आली नाही! फोन बंद हाये. धानाची रोवणी तोंडावर, अन् तिच्याबिगर बाया बांधीत उतरत नाहीत. रोवायचे परे वाळून राहिले!"

"अपहरण," मी डोळे मिटून म्हणालो.

बायकोला, रुख्माला, सोबत घेतलं. सहायक म्हणून; डबा तिच्याकडे होता.

दवाखान्यात पाऊल टाकताच मी हादरलो. खोकलावाले, गळूवाले, सगळे खाटांवर आडवे. एकाचा नुसता कान खाजत होता, त्यालाही सलाईन! म्हणजे किडनीचोरांची टोळी. हवेत उग्र वास आला. गुंगीचा वायू! नाक दाबलं. नर्स म्हणाली, फिनाईल आहे.

आता वेषांतराशिवाय इलाज नव्हता. मी पेशंट होऊन दोनदा खोकलो. तिसऱ्या खोकल्याआधी माझं विम्याचं कार्ड नर्सच्या हातात होतं, मी खाटेवर होतो आणि माझ्या हातात सलाईनची सुई होती.

पलीकडच्या खाटेवर जमुनाबाई! "घाबरू नका," मी कुजबुजलो, "सुटका जवळ आहे."

"कायची सुटका? गपचूप पडा न जी!"

तेवढ्यात रुख्माने सरळ डॉक्टरांनाच गाठलं. "काऊन झोपवून ठेवलं जी हिले? खोकला त हाये."

"देखो ताई," डॉक्टर म्हणाले, "पेशंट बसवून तपासला, तर सरकारी विमा जो दर देतो त्यात सुईसुद्धा येत नाही. तोच पेशंट आडवा झाला की बरे पैसे येतात. फुकट दवाई द्यायची, तर झोपवावंच लागतं."

खोकला तोच, छाती तीच. सरकारला फक्त पाठ टेकलेली हवी होती.

"पण फोन काऊन बंद केला वं?" रुख्माने जमुनाबाईंना विचारलं.

"मीच केला. इथं पंखा हाये, दोन टाइम वरणभात हाये. घरी कोण झोपू देते मले?"

परे वाळताहेत हे रुख्माने सांगताच मात्र त्या ताडकन उठल्या. विम्यासाठी आडवं राहायचे त्यांचे दोन दिवस भरलेच होते. रुख्माचा हात धरून त्या निघाल्या. डबाही गेला.

मीही उठलो.

"झोपा," नर्स म्हणाली. "तुमचं नाव विम्याला कळवलं. परवापर्यंत तुम्ही गंभीर आहात."