सासूबाईंच्या लिदीचं नवं रूप

डिझाइनच्या धंद्यात पुढच्या वर्षी काय चालणार, हे मला या वर्षीच कळतं. बढाई नाही, नाकच तसं आहे माझं. सगळे भडक रंगांच्या मागे धावत होते तेव्हा मी ऑस्ट्रेलियातल्या होबार्ट शहरात एका वकिलाची वेबसाइट ओल्या वाळूच्या रंगात केली. वकील हिरमुसला, पण वर्षभरात अर्धं शहर वाळूच्या रंगात आलं.

एवढं असूनही माझ्या सासूबाई नोलीन यांनी माझ्या कामाबद्दल कधी चांगला शब्द काढला नव्हता. त्या होबार्टजवळच्या ह्युऑन खोऱ्यात घोडे पाळतात आणि फाटकापाशी खतासाठी लीद विकतात. पिशवी उचलायची, डब्यात पैसे टाकायचे आणि चालू पडायचं. त्यावर गावातल्या मुलांचं घोडेस्वारीचं शिबिर चालतं. यंदा गिऱ्हाइकं आटली, ढीग छपराला टेकला आणि शिबिर तोंडावर आलं.

“माझ्यावर सोपवा,” मी म्हणालो. “मी तिचं रूप बदलतो.”

“लिदीचं?”

“पिशवीचं, नोलीन. शिवाय वेबसाइटही करतो.”

“डार्सी, आत काय आहे ते मोठ्या अक्षरात लिही म्हणजे झालं.”

“ते जुनं झालं. हल्ली सांगायचं नसतं, जाणवू द्यायचं असतं.”

“लीद आहे रे ती. न सांगताच जाणवते.”

मी ऐकणार थोडाच! वाळूच्या रंगाचा खरखरीत कागद आणला. पिशवीच्या मधोमध एकच शब्द, ‘संथ’. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: एकाच कुरणातलं, हाताने गोळा केलेलं, वर्षभर मुरलेलं. शब्द न् शब्द खरा. वेबसाइटवर पडदाभर एकच फोटो, उन्हात चमकणारे तपकिरी कण, अगदी जवळून. बोट फिरवलं की ओळी धुक्यातून आल्यासारख्या हळूहळू वर यायच्या. ‘लीद’ हा शब्द औषधालाही नव्हता. फोन नंबर होता, पण तो शोधावा लागायचा. त्यातच तर मजा होती.

आठवड्याने नोलीनचा फोन आला. शेजारचा मर्व्ह, ज्याचे गुलाब आजवर याच लिदीवर पोसले गेले, तो गाडी थांबवून विचारत होता, “काय गं, साबण विकायला लागलीस का?”

“धीर धरा,” मी म्हणालो. “खरं गिऱ्हाईक अजून यायचंय.”

आणि ते आलं! होबार्टमध्ये रूफस नावाचा माणूस नवा कॅफे उघडत होता. त्याने वेबसाइट पाहून होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या पिशव्या मागवल्या, पैसेही आगाऊ पाठवले. वर लिहिलं, ‘उद्घाटनाला या आणि लोकांना याच्याबद्दल दोन शब्द सांगा.’ कॅफेच्या मागे भाजीचा वाफा असणार, हे मी ताबडतोब ताडलं. नोलीननी इस्त्रीचा ब्लाउज घातला. पिकअप भरून आम्ही निघालो तेव्हा माझी कॉलर ताठ झाली होती.

कॅफे अप्रतिम होता, वाळूच्या रंगाचा. पोरांनी आमच्या पिशव्या उतरवून फळीवर ओळीने मांडल्या. पाहुणे फोटो काढू लागले. मी हळूच नोलीनकडे पाहिलं. त्या चक्क हसत होत्या.

“तुमची खासियत काय?” रूफसने त्यांना विचारलं.

“घाई नाही करत,” नोलीन म्हणाल्या. “ताजा माल मी विकतच नाही, वर्षभर मुरू देते. मग वासही राहत नाही.”

“ऐकलंत?” रूफस पाहुण्यांना म्हणाला, “याला म्हणतात साधना.” त्याने एक पिशवी फाडली आणि काउंटरवरच्या यंत्रात ओतली. यंत्र घरघरलं.

नोलीनच्या कपाळाला आठी पडली. “अरे, दळतोस कशाला? तशीच पसरायची असते.”

“पसरायची? कुठे?”

“गुलाबाच्या बुडाशी.”

रूफसने यंत्र बंद केलं. चिमूटभर भुगा तळहातावर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

“आम्ही याची कॉफी करणार होतो,” तो म्हणाला. “हे आहे काय?”

“घोड्याची लीद,” नोलीन म्हणाल्या. “उत्तम प्रतीची.”

एका बाईने हातातला कप खाली ठेवला. तो चहाचा होता, तरी ठेवला.

“तुम्ही फसवलंत मला,” रूफस म्हणाला.

मी तोंड उघडणार, इतक्यात नोलीन पुढे झाल्या. “पोराने खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही. वाचून बघ. लीद परत नेते, तुझे पैसेही परत करते.” शिबिराचे पैसे होते ते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रूफस फळीकडे बघत राहिला. पाहुणे अजून फोटो काढतच होते.

“पैसे राहू द्या,” तो म्हणाला. “आतला माल घेऊन जा. पिशव्या मात्र इथेच ठेवा, फार देखण्या आहेत.”

मग आम्ही दोघांनी एकेक पिशवी पिकअपमध्ये रिकामी केली, घडी मोडू न देता. परतीच्या वाटेवर आम्ही काचा लावून घेतल्या. मागे वाऱ्यावर लीद उडत होती. नोलीननी माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

“शिबिर होईल बाबा,” त्या म्हणाल्या. “तुझा माल खपला. माझा तेवढा राहिला.”