ट्रम्पेटचा पहिला आकडा

अशा जवळ या बघू. दारात उभं राहून काय विचार करता? परभणीपर्यंत येता, लग्नं-बारशी उरकता अन् तसेच परत जाता. पूर्णा तिथून कितीशी लांब? इथं एक म्हातारी वाट बघत बसलीय, एवढं तरी ध्यानात ठेवावं माणसानं. बसा आता. फक्त बसायच्या आधी खुर्ची उलटी करून तिचा नंबर बघू नका. तसं करणारा एक माणूस माझ्या शेजारी राहतो, तेवढा मला पुरे आहे.

उत्तम मास्तर त्यांचं नाव. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, बँडचे. पूर्णेत त्यांचा बँड होता. लग्नाची वरात असो की जयंतीची मिरवणूक, मास्तरांचं ट्रम्पेट सगळ्यात पुढं. आता बँड गेला, डीजे आला. बायको गेली, पोरं पुण्याला. मास्तर उरले, ट्रम्पेट उरलं अन् शेजारी मी उरले.

परवाचीच गोष्ट. वरणाचा कुकर गॅसवरून उतरवून ठेवला होता. मास्तर साखर मागायला आले. मी डबा काढायला वळले, तेवढ्यात यांनी दस्ती गुंडाळून कुकर उचलला अन् मान वाकडी करून त्याचा तळ बघायला लागले.

"मास्तर, वरण हाय त्यात!"

"असू द्या की. वरणाला कुठं नंबर असतो? कुकरला असतो."

वरण शिट्टीतून माझ्या धुतलेल्या ओट्यावर. वर मलाच सांगतात, "अक्का, मी तुमच्या चांगल्यासाठीच बघायलोय. वस्तू किती वर्साची हाय हे ठावं पायजे. माणूस खोटं बोलतो, नंबर खोटं बोलत न्हाई."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझा पोपट असता तर त्याला पाठ झालं असतं. पंखा, मिक्सर, हातपंप, गॅसची टाकी, मास्तरांनी कशाला सोडलं नाही. टाकीवाला तर आमच्या गल्लीत शिरला की आधी विचारतो, "मास्तर घरी हायेत का?" असतील तर टाकी माझ्या दारात ठेवून पळतो.

माझ्या भाचीला बघायला पेडगावचे पाव्हणे आले होते. मुलगा बरा होता. मुलाचा मामा मिशीला पीळ देत म्हणाला, "बाहेर गाडी बघितली का? नवीकोरी हाय. पोराच्या कमाईची." मास्तरांनी कप खाली ठेवला, बाहेर जाऊन मोटारसायकलपुढं उकिडवे बसले अन् आत येऊन भर बैठकीत म्हणाले, "रंग नवा हाय. गाडी तुमच्या धाकट्या पोरापरीस थोरली हाय." सोयरीक तिथंच मोडली. भाची अजून मास्तरांना दुवा देते, ते सोडा. पण पाव्हण्यांपुढं माझी काय इज्जत राहिली?

बरं, यांना घेऊन कुठं जावं तर तेही अवघड. चुडाव्याला एका बारशाला निघालो. एक स्टेशन, डोळा लागायच्या आत येतं. गाडी लागली, मी चढले, मास्तरांची पिशवीही माझ्याजवळ. अन् हे प्लॅटफॉर्मवर डब्यांचे नंबर वाचत चाललेत. जुन्या डब्यांच्या नंबरात म्हणे पहिले दोन आकडे डबा बांधल्याच्या सालाचे असतात.

"मास्तर, चढा!"

"थांबा अक्का. तरणा डबा बघायलोय."

तरणा डबा सापडायच्या आत गाडी सुटली. मास्तर बसनं आले, तोवर लेकराचं नाव ठेवून, घुगऱ्या वाटून झाल्या होत्या.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. माझ्या बापानं मला लग्नात शिलाई मशीन दिली होती. "लेकीला नवी मशीन दिली" म्हणून बाप चारचौघांत सांगायचा. मास्तर एक दिवस मशीनखाली डोकं घालून बसले, नंबर बघितला, कुणाकुणाला फोन केले अन् गल्लीतल्या चार बायकांदेखत मला म्हणाले, "अक्का, ही मशीन तुमच्या घरी यायच्या आधी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी लय वर्सं नांदून आलीय."

मी म्हणले, "माझा बाप खोटं बोलला व्हय?"

"मी कुठं म्हणलं? नंबर म्हणायलाय."

लय दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. साखरसुद्धा दारातूनच दिली.

आता त्यांच्या ट्रम्पेटचं सांगते. मास्तरांच्या आईनं त्यांना जन्म दिला अन् त्याच दुखण्यात ती गेली. लेकराला घरातल्या बायका पांढऱ्या पायाचा म्हणायच्या. बाप बापू, तोही बँडवाला, फार बोलणारा माणूस नव्हता. पण एकदा तो लेकाला म्हणाला होता, "उत्तम, तू झालास त्या साली मी हे ट्रम्पेट नवंकोरं घेतलं." एवढं एकच वाक्य. दुसरे बँडवाले हसायचे. म्हणायचे, "कशाचं नवं? निजामाच्या टायमाचं भंगार हाय ते." म्हणून मास्तरांना ट्रम्पेटचं वय पाहिजे. स्वतःचं वय त्यांना अंदाजानंच ठाऊक आहे. जन्मतारीख एक जून. आमच्या गल्लीत सगळ्यांचीच एक जून, शाळेत नाव घालताना गुरुजींनी घातलेली. साल मात्र साधारण बरोबर.

तर ट्रम्पेटला दाबायच्या तीन नळ्या असतात. मधल्या नळीवर कंपनीनं नंबर ठोकलेला. बाकीचे आकडे स्वच्छ दिसतात, पहिला तेवढा गेलेला. "डावा हात तिथंच धरावा लागतो ना अक्का, वाजवून वाजवून झिजला," असं मास्तर सांगतात. माझी सून सविता, तिनं मोबाइलवर त्या कंपनीच्या नंबरांची यादी शोधली. पहिला आकडा तीन असेल तर ट्रम्पेट मास्तरांच्या जन्माच्या सुमाराचं. दोन असेल तर बापूच्याच लहानपणीचं.

तेव्हापासून गल्लीला सुख नाही. पोस्टमन, दूधवाला, मीटर बघायला आलेला, जो दिसेल त्याला मास्तर धरून आणतात. टॉवेलात गुंडाळलेलं ट्रम्पेट काढतात. "तुमची नजर चांगली हाय. पयला आकडा काय दिसायलाय?" तीन म्हणणाऱ्याला चहाबरोबर बिस्किटं. दोन म्हणणाऱ्याला नुसता चहा, तोही पाणचट. एकानं सात सांगितला, त्याला पाणी पाजून वाटेला लावलं. अन् ही सगळी साखर कुणाच्या घरची? माझ्या!

शेवटी मी बेजार झाले. म्हणलं, आज याचा निकाल लावायचाच. आपल्याकडं भांड्यावर नाव घालतात ना, कुणी दिलं, कुणाच्या लग्नात दिलं? घासून घासून नाव पुसट होतं. मग त्यावर काजळाचं बोट फिरवायचं अन् वरचं पुसून घ्यायचं. खोबणीतलं काजळ राहतं अन् नाव वर येतं. लग्नात माझी भांडी मी अशीच ओळखून परत आणते.

काजळाची डबी घेऊन गेले तर मास्तर गडबडले. "आज नको अक्का. उजेड न्हाई." दुपारचं ऊन अंगणात चटके देत होतं. "मग चहा घ्या आधी," म्हणत आत गेले. मी तेवढ्यात टॉवेल सोडला, काजळ फिरवलं अन् पदरानं पुसलं.

बाकीचे आकडे काळेभोर उठून आले. पहिल्याच्या जागी आकडा नव्हताच. आडवे-उभे बारीक ओरखडे तेवढे होते, एका बोटाएवढ्या जागेत.

मी जिंदगीभर पितळ घासलंय. हातानं झिजलेलं गुळगुळीत असतं. चिंचेनं घासलेलं चमकतं. असे ओरखडे पॉलिश पेपरचे असतात.

मास्तर दोन कप घेऊन दारात उभे होते. माझं काळं बोट त्यांनी बघितलं.

"मास्तर, हे कुणी केलं?"

"मीच." कप खाली ठेवून ते बसले. "बँड होता तवा हैदराबादचा एक दुरुस्तीवाला आला होता. त्यानं नंबर बघितला अन् म्हणला, माल लय जुना हाय. दोन होता अक्का. साफ दोन."

"अन् मग? तुमीच म्हणता ना, नंबर खोटं बोलत न्हाई?"

"न्हाईच बोलत. म्हणूनच घासला."

मला एकदम माझी मशीन आठवली. राग वर आला. "माझ्या बापाच्या मशीनीचा नंबर मात्र गल्लीभर सांगितलात!"

मास्तर कपात बघत म्हणाले, "चुकलंच ते. पण तुमच्याजवळ बापाचं दुसरं लय काय काय हाय, अक्का. माय बी होती तुमाला. माझ्याजवळ बापूचं एवढं एकच बोलणं हाय." मग उलीसं हसले. "अन् खरं सांगू? आकडा दिसत न्हाई म्हणून तरी चार माणसं येऊन बसतात."

मी पदराची काळी कड आत दुमडली, ट्रम्पेट उचललं, उन्हाकडं धरलं, डोळे बारीक केले.

"मास्तर, मला तर तीन दिसायलाय."

"नीट बगा अक्का."

"नीटच बघितलं. तीनच हाय."

मास्तर उठले, आत गेले अन् बिस्किटांचा अख्खा पुडा आणून माझ्यापुढं ठेवला.

अन् तुमाला वाटेल, आता तरी माणूस सुधारला. छे! काल मी इडल्या लावल्या होत्या. झाकण उघडते तर हे माझ्या मागं उभे, "अक्का, ह्या भांड्याचा नंबर कुठं हाय?"

म्हणून म्हणते, आता येत जा. पुढल्या खेपेला स्टेशनावर उतरलात की कुणालाही मास्तरांचं घर विचारा, कुणीही वैतागून बोट दाखवेल. मास्तर टॉवेल सोडतील, तुमच्या नजरेची तारीफ करतील अन् पहिला आकडा विचारतील. काय सांगायचं ते आता तुमाला ठाऊक आहे. बिस्किटं माझ्या वाटणीचीही आणा. अन् लवकर परत या, माझ्या एकटीनं किती दिवस तीन म्हणायचं?