साडेनऊची पॅसेंजर आणि भिंगारदिव्यांचं नाक

छत्तीस वर्षं मी स्टेशन मास्तर होतो, आणि या छत्तीस वर्षांत माझ्या हद्दीत साधी शेळीसुद्धा गाडीखाली आलेली नाही! हे मी बढाई मारायची म्हणून सांगत नाही. म्हणजे बढाईच आहे, पण खरी आहे.

निवृत्त झालो आणि घर बांधलं पाथर्डीला. पाथर्डीला रेल्वे नाही हे मला आधीपासून माहीत होतं, पण ते पटायला आठ दिवस लागले. सकाळी साडेपाचला उठून अंगणात कान टवकारून बसायचो. ऐकू काय यायचं? एसटीचा हॉर्न! शेवटी ठरवलं, आपली रेल्वे आपणच आणायची.

दोन वर्षं खपून घरामागच्या जागेत मी 'उजागरे रेल्वे' उभी केली. गुडघाभर उंचीचा दगडी बांध, त्यावर चाळून टाकलेली बारीक खडी आणि खडीवर तीन बोटं रुंदीचा रूळ. 'ओटा' स्टेशनवरून गाडी सुटते, सीताफळाला वळसा घालते, लिंबाच्या झाडामागून न्हाणीच्या पाटावरचा पूल ओलांडते आणि परत ओट्यावर येते. पितळी इंजिन चांगलं दोन किलोचं, मागे चार डबे, रिमोट माझ्या हातात. भिंतीवर वेळापत्रक. साडेनऊची पॅसेंजर म्हणजे साडेनऊ! बायको स्टेला रोज एकदा त्या बांधाकडे बघून म्हणते, "एवढ्या जागेत किती मेथी आली असती!" कलेची कदर सगळ्यांनाच नसते.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या एंजेलाला नॅथन भिंगारदिवे नावाचा मुलगा पसंत होता आणि त्याला ती. ती शाळेत शिक्षिका, तो नगरच्या दवाखान्यात नर्स. सगळं छान होतं, फक्त दिवस नव्हते. नॅथनला मस्कतची नोकरी लागली होती, वीस दिवसांनी विमान. एकदा गेला की दोन वर्षं रजा नाही. आणि आमच्याकडे चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवार लग्नाची सूचना वाचल्याशिवाय पाळकसाहेब लग्न लावत नाहीत. म्हणजे उद्याच्या रविवारी पहिली सूचना वाचली गेली तरच लग्न. त्यासाठी आज, शनिवारी सकाळी, नॅथनच्या वडिलांनी होकार द्यायला हवा होता.

आणि हा माणूस कशालाच होकार देत नाही अशी त्यांची ख्याती! पुंजाराम भिंगारदिवे. रेल्वेतच होते, पण आमच्या ट्रॅफिक खात्यात नव्हे, रुळांच्या खात्यात. गँगमनपासून चढत चढत इन्स्पेक्टर झालेले. चौतीस वर्षं रुळांतल्या भेगा शोधल्या, आता माणसांतल्या शोधतात. शिवाय ट्रॅफिकवाले आणि रूळवाले यांचं सख्ख्या जावांसारखं असतं. गाडी घसरली की ते म्हणणार गाडी चुकीची चालवली, आम्ही म्हणणार रूळ खराब!

"अहो, नीट ऐका," स्टेलानं सकाळी सातला मला स्वयंपाकघरात उभं करून बजावलं. "रेल्वेचा विषय काढायचा नाही. वाद घालायचा नाही. आणि आज गाडी सोडायची नाही!"

"बरं."

"पप्पा, प्लीज!" एंजेला म्हणाली. चार दिवस ती धड जेवली नव्हती. मी शपथेवर कबूल केलं.

नऊ वाजता पारनेरहून जीप आली. नॅथन, त्याची आई साराबाई आणि मागून भिंगारदिवे. पांढरा शर्ट, गळ्यात लाल मफलर, चेहरा असा की आत्ताच एखादा अपघात बघून आले असावेत. 'जय ख्रिस्त' झालं. जानेवारीचं कोवळं ऊन होतं म्हणून सगळे मागच्या ओट्यावर बसलो. स्टेलानं प्रार्थना केली, पोहे आले. भिंगारदिव्यांनी भिंतीकडे बघितलं.

"भिताडाला वल हाय."

त्यांनी खुर्ची हलवून बघितली.

"पाय ढिला हाय."

स्टेलानं त्यांच्या बशीत आणखी पोहे वाढले. मग त्यांची नजर माझ्या रुळांवर पडली. ते चावायचे थांबले.

"ह्यो रूळ कुनी टाकला?"

"मी!" मी छाती काढून म्हणालो.

"दिसतंय."

आणि पोह्यांची बशी घेऊन हा माणूस उठला, बांधापाशी उकिडवा बसला आणि एक डोळा मिटून रुळाच्या रेषेत बघू लागला. एंजेला चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही, पण माझा रूळ इंच इंच बघितला!

"लिंबापाशी रूळ बसलाय. गाडी घसरंल."

"दोन वर्षांत एकदाही घसरली नाही!"

"ट्रॅफिकवाले असंच म्हनत्यात. घसरस्तोवर."

स्टेलानं माझ्याकडे जे बघितलं, त्यानं मी ओठ घट्ट मिटले. आतून मात्र उकळत होतो. भिंगारदिवे "हात धुऊन येतो" म्हणून न्हाणीकडे गेले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. नऊ पंचवीस.

"खरंच चालती का हो ही गाडी?" साराबाईंनी विचारलं. अगदी साधा प्रश्न होता. पण शपथ मोडायला मला तेवढा पुरला.

"चालती? पळते! पाच मिनिटांत बघा!"

"पप्पा, नको ना," एंजेला कुजबुजली.

"अगं, पाहुण्यांनी विचारलंय!"

मी रिमोट घेतला. नियमाप्रमाणे आधी लाइनवर नजर टाकली. ओटा मोकळा. सीताफळ मोकळं. लिंबाच्या फांदीवर भिंगारदिव्यांचा लाल मफलर लटकत होता. मी एंजेलाला कोपरानं ढोसलं.

"बघ, तुझ्या सासऱ्याला आमच्या पाथर्डीचं ऊन लागलं! मफलर काढून टाकला!"

ती हसली नाही. साडेनऊला मी शिट्टी दिली. गाडी सुटली. आणि खरं सांगतो, 'घसरस्तोवर' या टोमण्याचा राग अजून डोक्यात होता. मी वेग पूर्ण वाढवला. सीताफळाचं वळण झोकात घेतलं. साराबाईंनी टाळ्या वाजवल्या. गाडी लिंबामागे गेली.

खडाड्! आणि मागोमाग, "आयाया!"

आम्ही धावलो. लिंबामागे भिंगारदिवे आडवे पडलेले. इंजिन त्यांच्या छातीवर, दोन डबे पाटात, एक डबा शर्टाच्या खिशापाशी. नाकातून रक्त. पांढऱ्या शर्टावर लाल ठिपके. उजव्या हातात पोह्यांचा चमचा! त्या चमच्यानं खडी उकरून रुळाखाली भरत बसले होते बिचारे. माझा बसलेला रूळ उचलायला!

मी मुलीच्या सासऱ्याला गाडीनं उडवलं होतं!

नॅथन रुमाल घेऊन वाकला.

"हात लावू नगं!" भिंगारदिवे आडव्यानंच गरजले. "जागेवरचं काय बी हलवायचं न्हाई!"

"पप्पा, नाक तरी..."

"नाक बी हलवायचं न्हाई. मी पुरावा हाय! कागद आना. जॉइंट नोट झाल्याबिगर मी उठनार न्हाई."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रेल्वेत गाडी घसरली की सगळ्या खात्यांचे लोक जागेवर जमतात, मापं घेतात, साक्षी घेतात, चूक कोणाची ते एका कागदावर लिहितात आणि सगळे सह्या करतात. ती जॉइंट नोट. ही रीत फार जुनी, फार चांगली. फक्त बघण्याच्या कार्यक्रमात कधी झालेली नव्हती.

स्टेलानं एंजेलाची वही आणून दिली. साराबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, सोयरीक ठरवायला आलोय ना आपन!"

"आदी ह्ये."

नाकात कापसाचे बोळे घातले, तेवढं मात्र नॅथनला करू दिलं. मग तोंडानं श्वास घेत त्यांनी सुरुवात केली.

"मी लाइनवर काम करत हुतो. नियमापरमानं लाल झेंडी लावली."

"कुठे लावली?"

"मफलर! फांदीला! दिसला न्हाई?"

आता इथेच मी मान खाली घालायला हवी होती. पण समोर रूळवाला होता हो! छत्तीस वर्षांची सवय एकदम उसळून वर आली.

"मला लाल काही दिसलंच नाही!" मी म्हणालो. "आणि तुम्ही खडी उकरली म्हणून गाडी घसरली. चूक रुळाची!"

"रूळ कुनी टाकला?"

"मी."

"मंग रुळाची चूक म्हंजी तुमची."

"मग... मग चालवण्याची चूक धरा!"

"चालवली कुनी?"

आमच्या रेल्वेत सगळी खाती माझीच आहेत हे मला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं. मी स्टेलाकडे बघितलं. ती गुणी बाई लगेच माझ्या मदतीला धावली.

"त्यांना लाल दिसलं नसेल हो. ते रंगांत जरा कच्चेच आहेत!"

भिंगारदिवे आडव्यानंच कोपरावर उठले.

"स्टेशन मास्तर? आन् रंग दिसत न्हाई? छत्तीस वर्सं?"

"तसं नाही, थोडे थोडे दिसतात," स्टेला गडबडून म्हणाली.

"कोनता कोनता?"

"निळा," ती म्हणाली.

नॅथन खाली बघत होता. साराबाई पर्स बंद करत होत्या. पर्स बंद होताना जो टक् आवाज झाला, तो मी जन्मात विसरणार नाही. जीपचा ड्रायव्हर कुंपणावरून डोकावून विचारत होता, "निघायचं का सायेब?" वीस दिवस, तीन रविवार, आणि माझ्या लेकीचं लग्न पाटातल्या डब्यांबरोबर वाहून चाललं होतं. ते थांबवायचं कसं हे मला काही केल्या सुचत नव्हतं.

"पोरी," भिंगारदिवे म्हणाले. सकाळपासून ते पहिल्यांदाच एंजेलाशी बोलत होते. "तू तिथंच हुतीस. सांग, काय बघितलंस?"

मी तिला डोळ्यांनी खुणावलं. स्टेलानं खुणावलं. नॅथननंसुद्धा खुणावलं, असं मला वाटलं. तिनं माझ्याकडे बघितलं, नॅथनकडे बघितलं आणि रडायलाच लागली.

"पप्पांनी मफलर बघितला होता," ती हुंदके देत म्हणाली. "त्यांनी मला दाखवलासुद्धा. त्यांना वाटलं, तुम्हाला ऊन लागलं. लाल दिसतं त्यांना, सगळे रंग दिसतात. मम्मी त्यांना वाचवायला तसं बोलली. मला माहितेय, आता तुम्ही नाही म्हणाल. पण तुमचं नाक फुटलंय, आणि चूक आमच्या पप्पांची आहे."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं! स्वतःची मुलगी! लहानपणी खांद्यावर बसवून गाड्या दाखवल्या होत्या हिला! आणि त्याच वेळी, का कोण जाणे, मला तिचा इतका अभिमान वाटला की माझेच डोळे भरून आले.

भिंगारदिवे उठून बसले. छातीवरचं इंजिन त्यांनी अलगद काढून बांधावर ठेवलं.

"चौतीस वर्सांत लई जॉइंट नोटा लिवल्या," ते म्हणाले. "सोताच्या खात्याइरुद्ध खरं बोललेला मानूस आज पयल्यांदा बघतोय." मग साराबाईंकडे वळून, "पाळकसायबांना फोन लाव. म्हनावं, उद्याच्याला सूचना वाचा."

साराबाईंची पर्स पुन्हा टक् करून उघडली. स्टेलानं एंजेलाला मिठी मारली, मग साराबाईंना मारली, मग चुकून ड्रायव्हरकडेही निघाली होती. नॅथन नुसता कापसाचा गुंडा हातात घेऊन हसत उभा होता. मी मोठ्या मनानं पुढे होऊन व्याह्यांना हात देऊन उठवलं.

"पन आमची एक अट हाय," ते म्हणाले.

पुन्हा सगळे गारठलो. स्टेलाचा हात तिच्या गळ्यातल्या साखळीकडे गेला. आमच्यात देण्याघेण्याचं नसतं, पण माणूस कधी काय मागेल सांगता येतं का?

"बोला," मी कसंबसं म्हणालो.

"हितून पुढं रूळ मी बघनार. म्हैन्यातून एकदा येऊन. आन् गाडी एंजेलाची आई सोडंल. मास्तरांनी लिंबाखाली झेंडी घेऊन उभं ऱ्हायचं. रिमोटला हात लावायचा न्हाई."

मी तोंड उघडलं. ही माझी रेल्वे होती! दोन वर्षं खपून...

"मान्य!" स्टेला म्हणाली. जिला दोन वर्षांत रिमोट कुठल्या बाजूनं धरायचा हे माहीत नव्हतं, ती!

मग वही फिरली. 'चूक कोणाची' या ओळीपुढे भिंगारदिव्यांनी माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. नॅथननं सही केली, साराबाईंनी केली, एंजेलानं नाक पुसत केली. मुलीच्या सुखासाठी मीही केली. शेवटी वही स्टेलाकडे गेली. तिनं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, ठळक अक्षरांत सही केली, पान उलटून बघितलं आणि विचारलं, "आणखी कुठे करायची आहे का?"